ड्यूक्सचा लाल चेंडू: ठाण्याच्या फिरकीवाल्याने घ्यावा का?

आधी निकाल सांगतो, कारणं नंतर. एप्रिलमध्ये इंग्लंडच्या एखाद्या क्लबकडून खेळायला निघालेला फिरकी गोलंदाज असेल, तर त्याने ड्यूक्सचा चेंडू जरूर घ्यावा. एक नाही, दोन घ्यावेत. खेळणं ठाणे आणि नवी मुंबईपुरतंच असेल तर एसजी कंपनीचा ‘टेस्ट’ चेंडू पुरेसा आहे. ड्यूक्स वाईट आहे असं अजिबात नाही. पण तो वेगळ्या हवेसाठी आणि वेगळ्या गवतासाठी बनलेला आहे. इथल्या सिमेंटच्या विकेटवर तो एका संध्याकाळीत सोलून निघतो, आणि मग दुकानदाराच्या नावाने बोटं मोडण्यात काही अर्थ नसतो.

ड्यूक्स हे नाव जुनं आहे. केंटमधल्या पेन्सहर्स्ट गावच्या ड्यूक घराण्याने १७६० च्या सुमारास चेंडू बनवायला सुरुवात केली. आज हा व्यवसाय पूर्व लंडनच्या वॉल्थमस्टोमधली ब्रिटिश क्रिकेट बॉल्स ही कंपनी चालवते. मूळचे भारतीय असलेले दिलीप जजोडिया यांनी १९८७ मध्ये हा ब्रँड विकत घेतला. इंग्लंड आणि वेस्ट इंडीजमधल्या कसोटी याच चेंडूने होतात. भारतातल्या कसोटी मेरठच्या एसजीने होतात, आणि ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिकेसारख्या देशांत कुकाबुरा चालतो.

तिन्ही चेंडूंचं पोट साधारण सारखंच असतं: मध्ये कॉर्क, त्यावर ताणून गुंडाळलेला धागा, त्यावर कातड्याचे चार तुकडे. फरक पडतो तो शिलाईत आणि वरच्या थरात. कुकाबुराचे आतले दोन टाके हाताचे आणि बाहेरचे यंत्राचे, त्यामुळे वीस-पंचवीस ओव्हरमध्ये सीम, म्हणजे शिलाईची उभी कड, बसते आणि बोटाखाली काही लागत नाही. एसजीची शिलाई पूर्ण हाताची असते. धागा जाडसर आणि सीम चांगली उभी. चमक लवकर जाते, पण सीम राहते. म्हणून आपल्याकडे दहाव्या ओव्हरलाच फिरकीवाल्याच्या हाती चेंडू दिला तरी कुणाला नवल वाटत नाही. ड्यूक्सच्या सहाही ओळी हाताने शिवलेल्या असतात. धागा घट्ट बसवलेला असतो आणि कातड्यात मुरवलेल्या ग्रीसवर लाखेसारखा चकचकीत थर चढवलेला असतो. रंगही एसजीपेक्षा गडद, पिकलेल्या जांभळाकडे झुकणारा. या चेंडूची सीम टिकते आणि चमकही टिकते.

फिरकीवाल्याची गोची नेमकी इथेच होते. चमक टिकते म्हणजे स्विंग, म्हणजे चेंडूचं हवेतलं वळण, टिकतो. स्विंग टिकतो म्हणजे कर्णधार पन्नास ओव्हरपर्यंत वेगवान गोलंदाजांनाच फिरवत राहतो, आणि फिरकीवाला डीप फाइन लेगला उभा राहून हात चोळतो. एप्रिलच्या इंग्लंडमध्ये हे हात चोळणं शब्दशः खरं असतं. काउंटी चॅम्पियनशिप, म्हणजे तिथल्या परगण्यांच्या संघांची चार दिवसांच्या सामन्यांची स्पर्धा, एप्रिलच्या सुरुवातीला सुरू होऊन सप्टेंबरअखेर संपते. खेळपट्ट्या कोरड्या पडायचे महिने जुलै-ऑगस्ट, आणि तेव्हाच टी-ट्वेंटी आणि द हंड्रेडसाठी चार दिवसांचं क्रिकेट बाजूला सारलं जातं. म्हणजे फिरकीचं दुकान उघडायच्या वेळेलाच बाजार बंद. २०१६ मध्ये इंग्लंडच्या बोर्डाने यावर उपाय म्हणून पाहुण्या संघाला नाणेफेक न करताच पहिली गोलंदाजी मागायची मुभा दिली होती, जेणेकरून यजमान हिरवीगार विकेट बनवणार नाहीत आणि फिरकीला चार ओव्हर जास्त मिळतील. २०२० पासून पुन्हा जुनी नाणेफेक आली.

चेंडूच्या समीक्षेत हे सगळं कशाला, असं वाटेल. कारण ड्यूक्स चांगला की वाईट हे काउंटीतल्या फिरकीवाल्याच्या कारकिर्दीकडे पाहिल्याशिवाय कळत नाही. तिथला फिरकीवाला या चेंडूच्या साथीने वीस-वीस वर्षं टिकतो, पण त्याच्या बोलिंगचा घाट आपल्यापेक्षा वेगळा होतो.

शॉन उडालचं उदाहरण घ्या. हॅम्पशायरचा ऑफस्पिनर, १९८९ पासून काउंटीत. प्रथम श्रेणीत आठशेहून जास्त बळी, पण कसोटीत पदार्पण थेट २००५ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी. मार्च २००६ ची वानखेडे कसोटी सुरू झाली तो त्याचा ३७ वा वाढदिवस. शेवटच्या दिवशी त्याने १४ धावांत ४ बळी घेतले, त्यात सचिन तेंडुलकरही होता. भारत १०० धावांत गारद झाला. कारकिर्दीत एकूण चार कसोटी आणि आठ बळी, त्यातले निम्मे त्या एका डावात. ते ज्या चेंडूने मिळाले तो ड्यूक्स नव्हता, एसजी होता. ड्यूक्सवर सतरा हंगाम घासलेला माणूस एसजी हातात आल्यावर काय करू शकतो, ते तिथे दिसलं. टप्पा हलत नाही, सीम सरळ राहते, आणि बाकीचं काम खेळपट्टी करते.

त्याच मैदानावर नोव्हेंबर २०१२ मध्ये मॉन्टी पानेसर आणि ग्रॅम स्वान या जोडीने भारताच्या २० पैकी १९ विकेट काढल्या. एकट्या पानेसरचे ११. दोघंही नॉर्थम्प्टनशायरमध्ये घडलेले. याच काउंटीसाठी १९७२ ते १९७७ या काळात बिशनसिंग बेदींनी ४३४ बळी घेतले होते, हा योगायोग जुन्या मंडळींना आठवत असेल.

सगळ्यात बोलकं उदाहरण मात्र सायमन हार्मरचं. हा दक्षिण आफ्रिकेचा ऑफस्पिनर २०१५ च्या भारत दौऱ्यानंतर संघाबाहेर फेकला गेला. मग मुंबईत फिरकीचे धडे घ्यायला आला आणि २०१७ मध्ये इसेक्सकडे गेला. पहिल्याच मोसमात ७२ बळी, २०१९ मध्ये ८३, आणि दोन्ही वर्षी इसेक्स चॅम्पियन. हे सगळं ड्यूक्सने. नोव्हेंबर २०२५ मध्ये तो भारतात परतला आणि दोन कसोटींत १७ बळी घेऊन गेला, एसजीने. कोलकात्यात ३० धावांत ४ आणि २१ धावांत ४, गुवाहाटीच्या दुसऱ्या डावात ३७ धावांत ६. मोठमोठे वळणारे चेंडू त्याने फारसे टाकलेच नाहीत. चेंडू हवेत बाहेर सरकायचा, टप्प्यावर थोडा आत यायचा, आणि मधूनच एक सरळ निघायचा. ड्यूक्सवर काउंटीत जगायचं तर हेच लागतं, कारण तिथल्या खेळपट्टीवर वळण कमी मिळतं आणि फलंदाजाला हवेतच फसवावं लागतं. आता चेंडूकडे वळू.

नवा ड्यूक्स हाताला निसरडा लागतो. त्याच्या लाखेचा थर एसजीपेक्षा टणक आणि गुळगुळीत असतो. लेगस्पिनरला पहिल्या काही ओव्हर हा चेंडू हातातून सुटतोय असंच वाटतं, फुलटॉस पडतात, आणि पोरं म्हणतात चेंडूच खराब आहे. चेंडू खराब नसतो, पकड चुकीची असते. एसजीची जाड सीम नुसती बोटाने पकडली तरी काम भागतं. ड्यूक्सच्या सीमवर तर्जनीचं पहिलं पेर आडवं, घट्ट टेकवावं लागतं, आणि अंगठा जवळपास हवेतच ठेवावा लागतो. अंगठा दाबला की चेंडू फिरायच्या ऐवजी ढकलला जातो. नव्या टाक्यांची धार तर्जनीच्या कडेला लागते. कातडी तयार नसेल तर पहिल्या दिवशी चार-पाच ओव्हरवर थांबा, एरवी बोट फाटून आठवडा जातो.

थर थोडा उतरल्यावर हा चेंडू खरा हातात येतो. मॅटिंगवर (विकेटवर अंथरलेल्या चटईवर) दहा-बारा ओव्हर झाल्या की चमक कमी होते पण सीम जशीच्या तशी राहते. फिरकीसाठी ड्यूक्सची सर्वात चांगली अवस्था हीच. सीम उभी ठेवून, थोडी ओव्हरस्पिन (पुढच्या दिशेची फिरकी) देऊन सोडलेला ऑफब्रेक उजव्या हाताच्या फलंदाजापासून हवेत आधी बाहेर जातो, मग एकदम खाली पडतो, आणि टप्प्यावर सीम लागली तर उसळतो. डावखुऱ्यासाठी हेच उलटं होतं: हवेत आत, पडून बाहेर. २०१८ च्या एजबॅस्टन कसोटीत अश्विनने अॅलिस्टर कुकचा त्रिफळा दोन्ही डावांत असाच उडवला. त्याच्या आदल्या वर्षी अश्विनने वूस्टरशायरकडून चार काउंटी सामन्यांत २० बळी घेतले होते. ड्यूक्सची ओळख तिथे झालेली होती, ती एजबॅस्टनला कामी आली. २०२५ च्या लॉर्ड्स कसोटीत वॉशिंग्टन सुंदरने दुसऱ्या डावात २२ धावांत ४ बळी घेतले, चौघेही बोल्ड. पुन्हा पाहिलंत तर लक्षात येईल की फार वळण एकाही चेंडूला नव्हतं.

अजून एक गोष्ट ड्यूक्सवर एसजीपेक्षा सोपी जाते: सीम आडवी ठेवून टाकलेला चेंडू, ज्याला इंग्लंडात अंडरकटर म्हणतात. टप्पा सीमवर न पडता चकचकीत कातड्यावर पडतो आणि चेंडू घसरत सरळ जातो. एसजीचं कातडं लवकर खरबरीत होत असल्याने तो कधी सरळ जातो, कधी अडकतो. ड्यूक्सवर तो बऱ्याच वेळा सरळच जातो. ऑफस्पिनरला आर्म बॉलइतकंच (न वळता हाताच्या दिशेने जाणाऱ्या चेंडूइतकंच) हे हत्यार उपयोगी आहे, आणि शिकायलाही कमी वेळ लागतो.

आता दोष. गेल्या काही वर्षांत ड्यूक्स लवकर मऊ पडतो आणि आकार सोडतो, ही तक्रार इंग्लंडमध्येच जोरात आहे. २०२५ च्या भारत-इंग्लंड मालिकेत पंचांच्या हातातली मापाची कडी जवळजवळ रोज बाहेर निघत होती. लॉर्ड्सवर तर दुसरा नवा चेंडू ६३ चेंडूंतच बदलावा लागला. मऊ पडलेला चेंडू फिरकीवाल्याला दोन प्रकारे मारतो. टप्प्यावर उसळी मिळत नाही, आणि आकार बिघडल्याने पकडीत दर वेळी वेगळा बसतो. एसजीही धुतल्या तांदळासारखा नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये विराट कोहलीने जाहीरपणे एसजीवर नाराजी दाखवून ड्यूक्सची बाजू घेतली होती, आणि फेब्रुवारी २०२१ च्या चेन्नई कसोटीत एसजीचे टाके पस्तीस-चाळिसाव्या ओव्हरच्या आसपास उसवल्याबद्दल अश्विननेही आश्चर्य बोलून दाखवलं होतं. हाताने बनणारी वस्तू आहे, नग-नगात फरक राहणारच. म्हणूनच दुकानात चेंडू तपासून घेणं महत्त्वाचं.

ठाण्यात स्टेशन परिसरात आणि गोखले रोडच्या बाजूला, नवी मुंबईत वाशीला, खेळाच्या दुकानांत एसजीचे सगळे दर्जे मिळतात. ड्यूक्स सहसा मागवून घ्यावा लागतो किंवा ऑनलाइन. हातात घेऊन पाहायचाच असेल तर सीएसएमटीला उतरून धोबी तलावला जाणं सगळ्यात बरं. मेट्रो सिनेमाच्या आसपासच्या दुकानांत चार चेंडू समोर ठेवून एक निवडता येतो. किंमत एसजी टेस्टच्या कितीतरी पट असते. आयात, कर आणि दर्जा यांप्रमाणे ती बदलत राहते. भाव दोन ठिकाणी विचारल्याशिवाय पैसे काढू नका.

दर्जाचं नाव नीट वाचा. काउंटी इंटरनॅशनल ए, स्पेशल काउंटी ए अशी नावं चेंडूवर छापलेली असतात. नुसतं ड्यूक्स लिहिलंय म्हणजे कसोटीचाच चेंडू, असं समजू नका. क्लबच्या सरावासाठी बनलेले स्वस्त प्रकारही त्याच नावाने येतात. शिवाय नकली मालही आहेच. नकली चेंडू ओळखायच्या खुणा अशा: छापलेली अक्षरं सोनेरी पावडरसारखी नखाला लागतात, टाके एकसारख्या अंतरावर नसतात, आणि वर लाखेचा थर नसून नुसती पॉलिश असते, जी ओल्या रुमालाने पुसली की लाल रंग सोडते.

तपासणी दुकानातच करा, दुकानदाराने तोंड वाकडं केलं तरी. चेंडू डोळ्यासमोर धरून हळू फिरवा. सीमच्या दोन्ही बाजूंच्या तीन-तीन ओळी समांतर दिसल्या पाहिजेत, कुठेही लाट नको. मग दोन्ही अर्धगोलांवरचे आडवे सांधे पाहा. एका बाजूचा सांधा दुसऱ्या बाजूच्या सांध्याशी काटकोनात असतो. हा चार तुकड्यांचा चेंडू. असे सांधे दिसलेच नाहीत तर तो दोन तुकड्यांचा, सरावाचा चेंडू समजायचा. अंगठ्याने सगळीकडून दाबा. सांध्याजवळ एखादी जागा दबत असेल तर तो नग बाजूला ठेवा. काचेच्या काउंटरवर हळूच घरंगळवा. सरळ न जाता एका बाजूला ओढला, तर आतलं गुंडाळणं एकसारखं नाही.

घरी आल्यावर वजन करा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चालतो. नियमाप्रमाणे नव्या चेंडूचं वजन १५५.९ ते १६३ ग्रॅम आणि परीघ २२.४ ते २२.९ सेंटिमीटर असायला हवा. शिंप्याच्या टेपने परीघ तीन दिशांनी मोजा. दोन मोजमापांत दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर चेंडू गोल नाही. फिरकीसाठी आम्ही १६० च्या आसपासचा नग निवडू. हलका चेंडू हवेत तरंगतो असं वाटतं, पण इंग्लंडच्या वाऱ्यात तो हातचा जातो. तेरा वर्षांखालच्या मुलांना हा चेंडू देऊच नये. त्यांच्यासाठी लहान मापाचा चेंडू असतो. मोठा चेंडू पकडायला बोटं पुरत नाहीत म्हणून मूल तळहातातून टाकायला लागतं, आणि ती सवय पुढे मोडता मोडत नाही. मुलींसाठीही वेगळं माप आहे, घेताना ते बघून घ्या.

कुठे वापरायचा? ठाण्यातल्या बहुतेक जाळ्या सिमेंटच्या किंवा सिमेंटवर कृत्रिम गवत टाकलेल्या आहेत. सिमेंटवर ड्यूक्स अजिबात टाकू नका. लाख खरवडून निघते, टप्पा जिथे पडतो तिथे कातडं भेगाळतं आणि टाक्यांचे धागे तुटतात. मग पुढची सगळी तालीम एका वेगळ्याच चेंडूवर होते. मॅटिंग ताणून बसवलेली असेल तर चालेल. खरी जागा म्हणजे मातीची टर्फ विकेट. ती ज्या क्लबकडे आहे तिथे आठवड्यातून एक-दोन सत्रं मिळवा आणि ड्यूक्स तेवढ्यासाठीच ठेवा. रोजच्या सरावाला एसजीचे स्वस्त प्रकार आहेतच. घोडबंदर रोडवरच्या बॉक्स क्रिकेटच्या कृत्रिम टर्फवर तर लेदर बॉल आणूच देत नाहीत, त्यामुळे तो प्रश्नच नाही.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत चेंडूचा खरा वैरी म्हणजे दमटपणा. ड्यूक्सचं कातडं ग्रीस मुरवलेलं असल्याने पाणी एसजीपेक्षा उशिरा शोषतं. इंग्लंडच्या ओल्या गवतासाठी तो बनवलाच तसा आहे. पण ठाण्याच्या जुलैत प्लास्टिकच्या पिशवीत बांधून किटमध्ये ठेवलात तर आठवड्यात बुरशी येते आणि धागा कुजतो. भिजलेला चेंडू आधी सुती फडक्याने पुसा, वर्तमानपत्रात गुंडाळा, कागद दर दोन-तीन तासांनी बदला. उन्हात, गॅसजवळ किंवा केस वाळवायच्या यंत्राने सुकवू नका. वरचं कातडं आधी आकसतं, आत पाणी राहतं, आणि चेंडू अंड्यासारखा होतो. पूर्ण सुकल्यावर कापडी पिशवीत, हवेशीर जागी ठेवा. चमक द्यायची तर घाम चालतो, थुंकी नाही. २०२० मध्ये आलेली थुंकीबंदी ऑक्टोबर २०२२ पासून नियमांतच बसली आहे. नेरुळच्या मे महिन्यात घामाचा तुटवडा पडण्याची भीती नाही. उलट सीमवर घाम उतरू देऊ नका, टाके फुगतात.

ओल्या विकेटवरचा सराव मात्र फुकट घालवू नका. मुंबईत १९४८ पासून कांगा लीग आहे, पावसाळ्यात खेळायची म्हणूनच सुरू झालेली. भिजलेल्या, न झाकलेल्या विकेटवर चेंडू कसा थांबून येतो ते या लीगने इथल्या पिढ्यांना शिकवलं. इंग्लंडमध्ये १९८१ पासून काउंटीच्या खेळपट्ट्या पूर्ण झाकायला लागले, आणि डेरेक अंडरवुडसारख्यांचं राज्य तिथे संपत गेलं. केंटच्या या डावखुऱ्या फिरकीवाल्याने १९६३ मध्ये, १७ वर्षांचा असताना पदार्पण करून, पहिल्याच मोसमात शंभर बळी घेतले होते, आणि कारकीर्द संपली तेव्हा प्रथम श्रेणीत २,४६५ बळी जमले होते. तो जवळजवळ मध्यमगतीच्या वेगाने टाकायचा, कारण ओल्या मातीत वेगाने टाकलेला चेंडू खोल रुततो आणि उसळतो. आज इंग्लंडला गेलेल्या मुलाला काउंटीची झाकलेली विकेट मिळत नाही, क्लबची विकेट मिळते, आणि मे महिन्यात ती पुष्कळदा ओलसर, मंद असते. तिथे हळू उंची देत बसलात तर फलंदाज मागे सरून आरामात खेळतो. थोडा वेग वाढवायचा, टप्पा थोडा पुढे आणायचा आणि स्टंपात टाकत राहायचं. आपल्याकडे मुंबईचे डावखुरे फिरकीवाले पद्माकर शिवलकर यांनी हेच आयुष्यभर केलं. प्रथम श्रेणीत ५८९ बळी, आणि कसोटी एकही नाही.

जायच्या आधीच्या सहा आठवड्यांचा सराव कसा लावावा? पहिले दोन आठवडे फक्त पकड आणि सीम. एका स्टंपवर, फलंदाजाशिवाय, १८ यार्डांवरून सहा-सहाचे चार संच. मोबाइलवर हळू गतीने चित्रण करा आणि सीम हवेत डळमळते का ते बघा. डळमळली तर मनगट उशिरा उलगडतंय किंवा अंगठा दाबला जातोय. ऑफस्पिनरची सीम लेग स्लिपकडे आणि डावखुऱ्या ऑर्थोडॉक्स गोलंदाजाची स्लिपकडे तोंड करून राहिली पाहिजे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पूर्ण २२ यार्ड. गुड लेंथवर वहीच्या पानाएवढा कागद ठेवा आणि सहातले किती त्यावर पडतात ते लिहून ठेवा. त्याबरोबर क्रीझचा वापर: स्टंपाजवळून, मधून, कडेवरून. पाचव्या आठवड्यात फलंदाज आणा, पण त्याला सांगा की त्याने फक्त पुढे येऊन खेळायचं, म्हणजे उंची आणि घसरण तपासता येते. शेवटच्या आठवड्यात ओल्या फडक्याने चेंडू पुसून, हात ओलसर ठेवून टाका. इंग्लंडमध्ये दुपारी चहाच्या वेळेला दव नसतं, पण पाऊस पडून गेलेलं गवत असतं.

या सगळ्यात दोन ड्यूक्स लागतात. एक नवा ठेवायचा, दुसरा तीस-चाळीस ओव्हर वापरलेला. दोन्ही आळीपाळीने टाका. सामन्यात फिरकीवाल्याच्या हातात येतो तो चेंडू बहुधा या वापरलेल्या चेंडूसारखाच असतो. निघायच्या आधी क्लबला विचारून त्यांच्या लीगचा अधिकृत चेंडू कोणता ते पक्कं करा. प्रत्येक लीग ड्यूक्सच वापरते असं नाही. अलीकडे काउंटी चॅम्पियनशिपनेही काही फेऱ्या कुकाबुराने खेळवल्या. २०२५ मध्ये अशाच एका फेरीत ओव्हलवर सरेने डरहॅमविरुद्ध ९ बाद ८२० वर डाव घोषित केला, त्यात डॉम सिबलीचे ३०५. सीम बसलेल्या चेंडूने बोलिंग करणं काय असतं, याची कल्पना या आकड्यावरून यावी. तुमच्या लीगचा चेंडू तसा निघाला तर ड्यूक्सवर पैसे घालू नका. जुना, सीम बसलेला एसजी घेऊन सराव करा.

राहता राहिला वापरून संपलेला ड्यूक्स. तो टाकून देऊ नका. टाके शाबूत असतील आणि चेंडू मऊ पडला असेल तर नवी बॅट खेळवायला, म्हणजे वापरण्याआधी ठोकून तयार करायला, याच्यासारखा चेंडू नाही. मोज्यात घालून दोरीने टांगा, बॅटच्या कडा आणि टोक आधी हलक्या हाताने, मग जरा जोरात. टाके उसवले असतील तर मात्र बॅटवर ओरखडे उठतात. मग तो सुरीने मधोमध कापा आणि मुलांना आतलं कॉर्क आणि धाग्याचं गुंडाळणं दाखवा.